शेवट मागणारी माणसे

आपल्याकडे शेवटाचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. घरातून निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. अशा घरात वाढलेल्या मला जेव्हा कळले की, शेवटाची बातमी ऐकून आनंदाने नाचलेली माणसेही या जगात आहेत, तेव्हा नवल वाटले. ही माणसे अमेरिकेतली. निमित्त होते एका विज्ञानकथेच्या मालिकेचे. तिचे नाव 'फ्रिंज'.

ही मालिका ९ सप्टेंबर २००८ रोजी 'फॉक्स' या वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा मी या व्यवहारात कुठेच नव्हतो. मी ती पाहिली गेल्या वर्षी, वसतिगृहातल्या खोलीसोबत्याच्या संगणकावर, पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी वाक्ये वाचत वाचत. वॉल्टर बिशप नावाचा एक शास्त्रज्ञ. त्याचा लहानगा मुलगा आजाराने जातो. आपल्या जगासारखेच आणखी एक जग आहे आणि तिथला आपला मुलगा अजून जिवंत आहे, हे वॉल्टरला ठाऊक असते. तो त्या जगात शिरतो आणि त्या मुलाला घेऊन येतो. त्या एका कृत्याने दोन्ही जगांना तडे जातात. हा वॉल्टर जॉन नोबल या ऑस्ट्रेलियन नटाने उभा केला आहे. पुत्रमोहाची कथा आपल्याला धृतराष्ट्रापासून परिचयाची. म्हणूनच की काय, ही मालिका मला परकी वाटली नाही.

पण मला सांगायचे आहे ते मालिकेबद्दल नव्हे, तिच्या प्रेक्षकांबद्दल. पहिला भाग नव्वद लाखांहून अधिक लोकांनी पाहिला होता. चौथ्या पर्वापर्यंत हा आकडा तीस लाखांच्या आसपास उतरला. त्याआधीच, जानेवारी २०११ मध्ये, मालिका शुक्रवारी रात्री हलवण्यात आली होती. शुक्रवारची रात्र म्हणजे अमेरिकन मालिकांची स्मशानभूमी, असे तिकडे मानतात. कारण तरुण मंडळी त्या वेळी घराबाहेर असतात. उरलेल्या प्रेक्षकांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. दर शुक्रवारी एखादा शब्द ठरवायचा आणि भाग चालू असताना सर्वांनी तोच ट्विटरवर लिहायचा, म्हणजे वाहिनीच्या लोकांना आपली संख्या दिसेल, असा उद्योग त्यांनी चालविला. २० एप्रिल २०१२ रोजी एक विलक्षण भाग आला. तो थेट २०३६ सालात घडत होता. नव्याच कथेचे दार उघडले गेले. पण पुढे काही होणार की नाही, याचा पत्ता नव्हता. आणि सहा दिवसांनी, २६ एप्रिलला, बातमी आली : पाचवे पर्व होणार, तेरा भागांचे, आणि तेच शेवटचे.

या बातमीचा लोकांनी उत्सव केला. मी सुरुवातीला गोंधळलो तो इथेच. 'शेवटचे' हा शब्द त्यांनी वाचला नव्हता काय?

यात व्यवहार नव्हताच असे नाही. चार पर्वांचे सत्त्याऐंशी भाग झाले होते. त्यात तेरा मिळवले की बरोबर शंभर. शंभराच्या आसपास भाग असलेली मालिका पुनःप्रक्षेपणासाठी इतर वाहिन्यांना विकणे सोपे जाते, असा तिकडच्या धंद्याचा जुना हिशेब आहे. परंतु प्रेक्षकांच्या पदरात त्या विक्रीतले काय पडणार होते? त्यांना हवी होती ती एकच गोष्ट : वॉल्टरचे पुढे काय झाले ते कळावे.

याच्या उलट एक उदाहरण आहे. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ मध्ये 'एनबीसी' वाहिनीवर सुरू झाली. दुसऱ्या पर्वातच ती बंद होणार, अशी कुणकुण लागताच ब्यो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रांची मोहीम उभारली. वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला. १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने चालू कार्यक्रमाला जोडून जाहीर केले की, मालिका पुन्हा येईल. प्रेक्षक जिंकले. पण तिसऱ्या पर्वाला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, खर्चाला कात्री लागली, आणि ३ जून १९६९ रोजी एकोणऐंशीवा भाग दाखवून मालिका बंद झाली. तो भाग इतर भागांसारखाच एक होता. त्यात निरोप नव्हता. अंतराळयान प्रवासात होते, ते तसेच राहिले. म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या प्रेक्षकांना आयुष्य वाढवून मिळाले, शेवट मिळाला नाही. 'फ्रिंज'च्या प्रेक्षकांना शेवट मिळाला.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो असता हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले.

"संपणार म्हून नाचले व्हय ते?"

"हो. नीट संपणार म्हणून."

"मग बराबर हाय त्यांचं," दादा म्हणाले. "काला न होता सप्ता उठला, तर गावाला बरं वाटंल का?"

सात दिवस पारायण व्हावे, वीणा अखंड खाली टेकू नये, आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन लाह्या-दह्याचा घास हाती पडावा, तेव्हाच गाव मोकळ्या मनाने शेताकडे वळते. मला दोन महिने विचार करून जे उमगले नव्हते, ते दादांनी एका वाक्यात सांगितले. थांबणे वेगळे आणि संपणे वेगळे.

हे दादांना इतक्या चटकन का समजले, याचा मी पुढे विचार करीत राहिलो. त्यांची शाळा नववीत सुटली. आमच्याकडे 'सुटली' असेच म्हणतात. 'संपली' कोणी म्हणत नाही. त्या वर्षी गुरुजी फळ्यावर एक प्रमेय शिकवीत होते : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते. शिरोबिंदूतून समांतर रेषा काढून झाली आणि घंटा वाजली. उरलेले उद्या, असे गुरुजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे घरचे बिऱ्हाड ऊसतोडीला निघाले आणि दादा बैलगाडीत बसले. मालिकेच्या पर्वाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ आमच्या घरी हंगाम. आणि तो हंगाम पुढे वीस वर्षे दरसाल नव्याने सुरू होत राहिला.

मी नववीत गेलो त्या वर्षी एका रात्री दादा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "त्या समांतर रेघंच्या म्होरं काय असतंय रं?" मी पाटीवर काढून दाखवले : हा कोन या कोनाएवढा, तो त्या कोनाएवढा, आणि तिन्ही मिळून ही सरळ रेघ. दादांनी बोटाने ती रेघ एकदा पुरी गिरवली. "हां. असं व्हतं तर," एवढेच ते म्हणाले आणि झोपायला गेले. त्या प्रमेयाने त्यांना नोकरी मिळणार नव्हती, की मुकादमाची उचल फिटणार नव्हती. तरी त्या रात्री त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर फारसे पाहिलेले नाही.

'फ्रिंज'चा शंभरावा भाग १८ जानेवारी २०१३ रोजी दाखवला गेला. त्यात वॉल्टर मुलाचा निरोप घेतो आणि त्याच्यासाठी कागदावर रेखाटलेले एक पांढरे ट्यूलिपचे फूल पाठवतो. मुलाच्या हाती ते फूल पडते आणि कथा संपते. ज्यांनी त्या तेरा भागांसाठी वर्षभर धडपड केली, त्यांना त्या रात्री काय वाटले असेल, हे मला आता निराळे सांगावे लागत नाही.