घरं भरताना

गेल्या थंडीत सोलापूरला मामेबहिणीकडे मुक्कामाला होते. साखर पेठेतलं जुनं घर, माडीवरची खोली. मध्यरात्री जाग आली आणि कशानं आली ते कळेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, बोळ गप्प आहे. त्या बोळातले यंत्रमाग रात्रपाळीला चालायचे. त्या खटखटीत आम्ही लहानाचे मोठे झालो, तापात झोपलो, दहावीचा अभ्यास केला. सकाळी बहीण म्हणाली, ‘‘दिवाळीपासून बंद आहे की ते. माग भंगारात गेले सगळे.’’

पुन्हा झोप लागणं शक्य नव्हतं. पिशवीतली चौकटीची वही काढली आणि घरं भरत बसले. एक लाल, दोन रिकामी, एक लाल. जीव घाबरा झाला की मी हेच करते. कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. शेजारच्या मास्तरांचं बघून लागलेली सवय.

मास्तर चादरींचे ग्राफ काढायचे. तेलंगणातून आलेलं पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. उतरत्या टेबलावर ग्राफपेपर पसरलेला, वर ट्यूबलाइट, वाटीत कालवलेला लाल रंग आणि हातात अगदी बारीक ब्रश. उभा आणि आडवा धागा जिथे भेटतात ती जागा म्हणजे कागदावरचं एक घर. घर रंगवलं की तिथे पुठ्ठ्याला भोक पडणार. त्या भोकातून जाकार्डची सुई जाणार, तिचा धागा वर उचलला जाणार आणि खालून धोटा निघून जाणार. घर कोरं ठेवलं तर धागा खालीच राहणार. आडव्या धाग्यागणिक पुठ्ठा, पुठ्ठ्यांची दोरीनं ओवलेली लांबच लांब माळ, ती मागावर चढवायची. हे सगळं मला फार पुढे कळलं. तेव्हा कळायचं ते एवढंच की मास्तर घरं भरतायत आणि आपण शेजारी बसलो तर रागवत नाहीत.

एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. मोराची चादर होती. मान झाली, तुरा झाला आणि डोळ्यापाशी त्यांचा हात थांबला. ब्रश कागदापासून बोटभर वर. बाहेर माग धडधडत होते, आत मास्तरांच्या पत्नी, अक्का, भाकरी थापत होत्या, आणि हा हात तसाच. मी विचारलं, ‘‘काय झालं मामा?’’ ‘‘थांब पापा,’’ म्हणाले. तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात. मग त्यांनी ते घर कोरं सोडलं आणि पुढच्याला रंग लावला.

ती चादर पुढे आमच्याकडेही आली. सोलापुरी चादर दुपदरी विणलेली असते. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर दिसला, तर उलटवल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मी अंगावर घेऊन त्याचा डोळा शोधायचे, एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं. तिळाएवढा ठिपका, पण त्याच्यामुळे मोर बघत असायचा.

हात का थांबला असेल? व्यवहाराचं उत्तर सोपं आहे. एक घर चुकलं तर नक्षी जितक्या वेळा फिरून येईल तितक्या वेळा मोर तिरळा होणार, त्या पुठ्ठ्यांवर निघालेल्या एकूणएक चादरींत. पण धास्तावलेला माणूस मी ओळखते. त्या वेळी मास्तरांचा श्वास संथ होता. कपाळावर आठी नव्हती.

अक्का दिवसभर विड्या वळायच्या. तेंदूचं पान कातरीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, सुतानं बांधायचं. हजाराचा हिशेब पुरा झाला की कंबर धरूनच उठायच्या. तरी पहाटे दारात मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, काढायला बसल्या की तोच चेहरा, मास्तरांचा ब्रश हातात असतानाचा. माझी आई ठिपके जोडून रांगोळी काढायची. अक्कांची रेघ ठिपक्यांना शिवायचीच नाही. एकेका ठिपक्याला वळसा घालत, स्वतःलाच ओलांडत, सगळं अंगण फिरून निघाली तिथे येऊन मिळायची. संक्रांतीच्या दिवसांत तर आमच्या दारांत चढाओढच. तिकडे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या फेरीला निघायचे आणि त्यांच्या वाटेवर रांगोळ्यांच्या पायघड्या. अक्षता सोहळ्याला अक्का आम्हा पोरींना घेऊन जायच्या, पण जाताना कुणाच्याही रांगोळीवर पाय पडू द्यायच्या नाहीत. भिंतीला चिकटून चालायला लावायच्या.

आता दारोदार प्लास्टिकच्या चिकट रांगोळ्या दिसतात. मला त्या सहन होत नाहीत. वेळ नाही, गुडघे दुखतात, सगळं मान्य. तरी ती वेडीवाकडी का होईना, हातानं ओढलेली रेघ मला हवी असते.

इथे फ्रान्समधलं लियों शहर मध्येच आणते, कारण त्याच्याशिवाय माझं मन मोकळं व्हायचं नाही. जोसेफ मारी जाकार्डनं आपली यंत्रणा १८०४च्या सुमारास तिथे उभी केली. तो गेल्यावर, १८३९मध्ये, त्याच यंत्रणेच्या मागावर रेशमात त्याचं चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. गणकयंत्राचा ध्यास घेतलेल्या चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत लंडनला आपल्या घरात लावली होती. पाहुण्यांना ते छापील चित्रच वाटायचं. हे आता पुष्कळांना ठाऊक असतं, संगणकाच्या इतिहासात येतं म्हणून. मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपते. त्या रेशमात कारखान्याचं नाव आहे, ज्या चित्रावरून ते उतरवलं त्या चित्रकाराचं, बोनफोंचं नाव आहे आणि विणणाऱ्या कार्किलाचंही आहे. सोलापुरी चादरीच्या काठाशी कारखान्याचं नाव विणलेलं असतं. तेवढंच. सोलापुरातल्या सगळ्यात जुन्या कापडगिरणीचं साल विचारा, १८७७ असं चटकन सांगतील. ज्या मोरांखाली सगळा महाराष्ट्र झोपला, ते कुणी काढले ते विचारून बघा. माझा हा राग जुना आहे आणि तो जायचा नाही.

लग्नानंतर मी पुण्याला आले. बँकेत नोकरी. वडील दवाखान्यात होते त्या दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून वह्याच्या वह्या भरल्या. नक्षी अशी काही नसायची. डॉक्टर बाहेर येईपर्यंत ही ओळ पुरी करायची, एवढंच. नंतर विजापूरच्या मावशीनं कशिदा शिकवला, कर्नाटकातला कसुतीचा. इरकलीच्या पदरावर तिचे हत्ती, गोपुरं, तुळशीवृंदावनं चालायची. कापडावर खूण करायची नाही, धागे मोजायचे. गाठ मारायची नाही. गवंतीचा टाका जाताना एकआड एक घरं सोडत जातो आणि येताना सुटलेली भरत येतो, त्यामुळे कापड उलटं केलं तरी तीच नक्षी. मावशी उलट बाजू आधी बघायची. मला पुन्हा चादर उलटवल्यासारखं झालं.

चित्रकार नसरीन मोहमदी यांच्या रेघा मी पहिल्यांदा पुस्तकात पाहिल्या. बडोद्याच्या कलाशाळेत त्या शिकवायच्या, १९९०मध्ये गेल्या. आजारानं हातापायांवरचा ताबा सुटत चाललेला, आणि कागदावर पेन्सिलीच्या, शाईच्या रेघा मागावर ताणलेल्या सुतासारख्या सरळ. त्या रेघांसमोर माझा श्वास आपोआप लांबला. त्यांचं नाव आज जग घेतं, घ्यायलाच हवं. मास्तर त्यांच्या पंगतीतले की नाहीत, हा वाद मला घालायचा नाही. हात थांबवायची ताकद मात्र मी दोघांकडे पाहिली.

ताण घालवायला रंगवायची पुस्तकं हल्ली मिळतात, मैत्रिणी भेटही देतात. मी ती आनंदानं रंगवते. पण मला शांत व्हायला ज्यांनी शिकवलं त्यांना ग्राफमागे पैसे मिळायचे आणि हजार विड्यांमागे मजुरी. त्यांची शांतता फावल्या वेळातली नव्हती. डोळे अधू होईस्तोवर केलेल्या कामातूनच त्यांनी ती काढली. पोटापाण्याच्या कामात कसली आलीय समाधी, असं कुणी म्हणालं की मी भांडते.

सोलापूरच्या त्या सकाळी अक्कांकडे गेले. मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. अक्कांना आता कमी दिसतं, पण मला आवाजावरून ओळखलं. चहा झाला. मी ग्राफांची चौकशी केली. ‘‘होते गं ट्रंकभर,’’ म्हणाल्या, ‘‘कंप्युटर आल्यावर कोण घेतंय?’’ आणि स्वयंपाकघराकडे हात केला. मांडणीच्या फळ्यांवर ग्राफ अंथरलेले होते. वर डबे, तेलाची किटली, मिठाची बरणी. एक डबा उचलला तर खाली लाल घरं आणि एका पानाचं टोक. तेल पिऊन कागद काचेसारखा झालेला, तरी घरं मोजता येत होती. अक्कांनी त्यातला चांगला राहिलेला एक मला दिला. मागे पेन्सिलनं गिऱ्हाइकाचं नाव आणि चादरीची रुंदी लिहिली आहे. काढणाऱ्याचं नाव नाही.

सोलापुरात, इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत अशा फळ्या आणि ट्रंका अजून असतील. तुमच्याकडे एखादा ग्राफ निघाला तर तो कुणी काढला, कुठल्या पेठेत, साधारण कधी, एवढं घरातल्या जुन्या माणसाला विचारा आणि मागे लिहून ठेवा. पेन्सिलनं लिहिलंत तरी चालेल. पण विचारायला उद्याची वाट पाहू नका.