एक डोळा मिटून या

हिला भेटायचं तर हिच्या अटी पाळाव्या लागतात. पुढच्या भिंतीत डोळ्याएवढं एक भोक आहे. तिथे एक डोळा लावायचा, दुसरा मिटायचा. मान हलवायची नाही. बाजूने वाकून बघणं, दारातून डोकावणं, "जरा आत येऊ का?" म्हणणं, यातलं काहीच हिला खपत नाही. दर्शन एकाच जागेवरून आणि एकाच डोळ्याने.

एवढी मिजास बघून वाटतं, आत काय दरबार भरला असेल! आणि दिसते ती अगदी सरळमार्गी खोली. चार भिंती, समोर दोन खिडक्या, चौकटीचौकटींची फरशी, वर सपाट छत. भाड्याने घ्यायला काही हरकत नाही, अशी. तेवढ्यात मागच्या डाव्या कोपऱ्यात एक गृहस्थ येऊन उभे राहतात. उंची पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी. उजव्या कोपऱ्यात त्यांची बायको, डोकं छताला लागायला आलेलं. मग दोघं जागा बदलतात. नवरा चालता चालता फुगत जातो, बायको आटत जाते. आपण हसतो, डोळे चोळतो, पुन्हा भोकाला डोळा लावतो. खोली ढिम्म. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

हिचं नाव एम्स रूम. (दिल्लीच्या इस्पितळाशी हिचं काही नातं नाही.)

आता तिच्या माघारी थोडं बोलू. बाईसाहेब सरळ दिसतात, पण अंगाने पार तिरक्या आहेत. समोरची म्हणून जी भिंत दिसते ती समोर नाहीच, ती तिरपी मागे गेलेली आहे. डावा कोपरा उजव्यापेक्षा कितीतरी लांब. समजा, भोकापासून उजवा कोपरा तीन मीटरवर आणि डावा सहा मीटरवर आहे. मग हिशेब सोपा: अंतर दुप्पट तर सगळंच दुप्पट. उजवीकडे भिंत दोन मीटर उंच असेल तर डावीकडे चार मीटर. फरशी डावीकडे उतरत जाते, छत चढत जातं. खिडक्या चौकोनी नाहीत, फरशीची एकही चौकट काटकोनात नाही. कारागीर एका भोकात दोरी बांधून तिथून ती प्रत्येक कोपऱ्याकडे ताणतो असं मानलं, तर दोरीच्या नुसत्या दिशांवरून ही खोली आणि एखादी साधी चौकोनी खोली यांत फरक सापडणार नाही. डोळ्याच्या पडद्यालाही सापडत नाही.

डावीकडचे गृहस्थ दुप्पट लांब आहेत, म्हणून डोळ्यात निम्मे उमटतात. लांबचा माणूस लहान उमटतो, हे आपण रोज बघतो आणि रोज मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. रस्त्याच्या टोकाला उभा असलेला पोस्टमन कोणाला बुटका वाटत नाही. पण ती दुरुस्ती करायला तो लांब आहे हे कळावं लागतं. इथे तेच कळू दिलेलं नाही. म्हणून गृहस्थ चालायला लागले की खरं तर आपल्याकडे तिरपे येत असतात, आणि आपल्याला दिसतं की सरळ रेषेत आडवे चाललेत आणि वाटेत वाढताहेत. अंतर चुकलं की चालही चुकते. फरशीवर चेंडू ठेवला तर तो सपाट दिसणाऱ्या जमिनीवरून कुणी न ढकलता डावीकडे निघतो आणि जाता जाता लहान होतो.

बाईंच्या माहेरची गोष्ट सांगायलाच हवी. वडील अडेलबर्ट एम्स (1880–1955). शिक्षण हार्वर्डमधून वकिलीचं, जीव चित्रकलेत. वकिली सोडून त्यांनी कुंचला धरला. चित्र डोळ्याला खरं का वाटतं, हे आधी समजून घ्यावं म्हणून दृष्टीचं शास्त्र शिकायला घेतलं, आणि मग त्या शास्त्रानेच त्यांना धरून ठेवलं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी, डार्टमाउथच्या नेत्रसंस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं एका विकारावर काम केलं. त्यात एकाच वस्तूची प्रतिमा दोन डोळ्यांना वेगवेगळ्या आकाराची दिसते. तिथेच हिची एक बहीण होती: भिंतींना नुसती झाडाची पानंच पानं लावलेली खोली. प्रतिमेचा आकार बदलणारा चष्मा घालून त्या पानांत उभं राहिलं की भिंती कलायच्या. तोच चष्मा घालून साध्या खोलीत गेलं की भिंती पुष्कळशा सरळ राहायच्या, कारण साध्या खोलीत खिडक्या-दारांच्या रेघा असतात आणि आपण दोन डोळ्यांच्या साक्षीपेक्षा त्या रेघांवर जास्त विसंबतो. हा भाबडेपणा हेरूनच एम्स यांनी आपली लाडकी लेक घडवली असावी, असं मला वाटतं. तशी मूळ कल्पना 19व्या शतकातल्या जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांची म्हणतात. पण कल्पना असणं आणि सुतार बोलावून ती उभी करणं यांत पुष्कळ फरक आहे.

हिचा खरा खोडसाळपणा मात्र वेगळाच. भोकाशी उभ्या असलेल्या माणसापुढे दोन पर्याय असतात. एक, खोली वाकडी आहे आणि माणसं धड आहेत. दोन, खोली धड आहे आणि माणसं वाकडी आहेत. जन्मभर ज्यांच्यासोबत राहिलो त्या माणसांच्या उंचीबद्दल आपली इतकी खात्री, पण निवाडा जातो खोलीच्या बाजूने. माणूस चालता चालता दुप्पट झाला तरी चालेल, भिंत काटकोनात असायलाच हवी! ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी म्हणत की पाहणं म्हणजे मेंदूने केलेला एक अंदाज. त्या अंदाजात भिंतींची पत माणसांपेक्षा मोठी निघाली, हे मला अजूनही थोडं लागतं.

एकदा मात्र हिचा तोरा उतरला म्हणतात. एका बाईंनी भोकातून पाहिलं. आत त्यांचे यजमान आणि आणखी एक गृहस्थ उभे. दुसरे गृहस्थ रीतसर लहानमोठे झाले. यजमान होते तेवढेच राहिले. वॉरन विट्राइख यांनी 1952 साली या प्रकारावर निबंधच लिहिला आणि त्याला 'होनी' असं लाडाचं नाव पडलं. त्यांना असंही आढळलं की लग्नाला वर्षसुद्धा न झालेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. यावर सासुरवाडीत काय काय बोललं जाईल ते तुम्हीच जाणा. पुढच्या संशोधकांना मात्र हा प्रकार दरवेळी सापडला नाही. प्रेमाचं माप घ्यायला ही खोली नेमली तर निकाल लागता लागत नाही.

हिची एक धाकटी वहिनी शोभावी अशी नातेवाईक आहे: खिडकी. एक बाजू उंच, दुसरी ठेंगणी, गजांवर सावल्या रंगवलेल्या, आणि खाली सावकाश फिरणारी मोटर. ती गोल गोल फिरते, पण बघणाऱ्याला ती पाळण्यासारखी झुलताना दिसते, अर्धवट जाऊन परत येते. कारण उंच बाजू लांब गेली तरी डोळ्यात ठेंगणीपेक्षा मोठीच उमटते, आणि मोठं ते जवळचं, असा आपला हिशेब. तिच्या गजांमधून एक नळी आडवी खोवून ठेवा. नळी धड फिरताना दिसते, खिडकी झुलताना, आणि मग दोघींची गाठ पडते तिथे एकतर नळी वाकते किंवा गज कापून आरपार जाते. ते पाहताना अक्षरशः पोटात गोळा येतो.

या खिडकीला घेऊन हार्वर्डचे गॉर्डन ऑलपोर्ट आणि थॉमस पेटिग्रू थेट दक्षिण आफ्रिकेत गेले आणि 1957 साली त्यांनी निष्कर्ष छापले. नातालच्या खेड्यांतल्या झुलू मुलांची घरं गोल, चौकटीच्या खिडक्या क्वचितच. मग त्यांना ही फसवेल का? लांबून आणि एका डोळ्याने पाहिलं तेव्हा खेड्यातली मुलंही शहरातल्यांइतकीच फसली. जवळून, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तेव्हा खेड्यातली कमी फसली. थोडक्यात, परिस्थिती अनुकूल असेल तर ही कोणालाही गंडवते. काटकोनांत वाढलेल्यांसाठी तिला तेवढीही मेहनत नको.

खानदानाला शत्रू नसेल तर शोभा नाही. कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स गिब्सन हे हिचे कट्टर विरोधक. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानदलासाठी काम केलं होतं. विमान उतरवताना धावपट्टी कशी पसरत अंगावर येते आणि वैमानिक त्या वाहत्या दृश्यावरून वेग आणि दिशा कशी ओळखतो, हा त्यांचा विषय. त्यांचं म्हणणं: डोळा काही भोकाला चिकटवलेला नसतो. माणसाला मान आहे, पाय आहेत, दुसरा डोळा आहे. त्याला एका जागी खिळवायचं, एक डोळा झाकायचा आणि मग म्हणायचं "बघा, कसा फसला!" हा कसला प्रयोग? मला गिब्सन पटतात. त्या भोकापासून पाऊलभर बाजूला सरका, की डावी भिंत आणि उजवी भिंत वेगवेगळ्या वेगाने सरकू लागतात आणि बाईंचं सगळं बिंग फुटतं. पण गिब्सन यांनी एक गोष्ट फार मनावर घेतली नाही: लोक सरकत नाहीत. रांगेत उभे राहतात, भोकाला डोळा लावतात, हसतात आणि पुढच्याला जागा देतात.

सांगून हिचं खरं रूप पटत नाही. खोली वाकडी आहे, डावीकडे सहा मीटर आहे, असं कानात ओरडून सांगितलं तरी डोळा आपला हेका सोडत नाही. मात्र हातात लांब काठी द्या आणि आतल्या भिंतीवरची एखादी खूण टोकाने टेकवायला सांगा. सुरुवातीला काठी हवेत फिरते, भिंत जिथे दिसते तिथे नसतेच, टोक भलतीकडे आपटतं. फ्रँकलिन किलपॅट्रिक यांनी 1954 साली छापलेल्या प्रयोगांत काही काळ अशी धडपड केल्यावर बघणाऱ्यांना खोलीचा तिरकेपणा हळूहळू दिसू लागला. डोकं जे मानत नव्हतं ते हाताने मानायला लावलं.

हल्ली हिचे दिवस फिरले आहेत, आणि चांगल्या बाजूला फिरले आहेत. ज्या अटींनी लोक पूर्वी वैतागायचे त्या मोबाइल आपसूक पाळतो: त्याचं भिंग एकाच ठिकाणाहून बघतं आणि हातात स्थिर धरला की तो मानही हलवत नाही. म्हणून फोटोत ही समोरासमोर भेटीपेक्षाही सुंदर दिसते. जिथे कुठे विज्ञान केंद्रात किंवा भ्रमांच्या संग्रहालयात हिचं बिऱ्हाड आहे, तिथे भोकासमोर मोबाइल धरलेल्या लोकांचीच गर्दी. सिनेमावाल्यांनी तर हिच्या घराण्याची विद्या कधीच उचलली आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये बुटके हॉबिट आणि उंच गँडाल्फ एकाच टेबलापाशी बसलेले दिसतात, त्यात एक जवळ आणि एक लांब बसवायची युक्ती बऱ्याच ठिकाणी होती.

तर कधी भेट झालीच, तर आधी भोकातूनच पाहा. ती रुसेल अशी घाई करू नका. मग मागच्या दाराने आत जा आणि डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे चालत या. फक्त उजव्या कोपऱ्यात मान जपा. तिथलं छत खरोखरच खाली आहे.