मासा काठाला येतो

सांगलीत पाऊस किती पडला यावर कृष्णेचं पाणी ठरत नाही. आमच्याकडं वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा महाबळेश्वर-नवजाला जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. इथं लख्ख ऊन पडलेलं असतं, वाळत घातलेली कापडं दोन तासांत सुकतात आणि नदी मात्र चढतच असते. म्हणून पावसाळ्यात गळ घेऊन निघणाऱ्यानं आभाळ नंतर बघावं. आधी पेपरात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे मिलिमीटर बघावेत आणि कोयना धरणातून किती पाणी सोडलंय ते वाचावं.

हा आकडा क्युसेकमध्ये छापतात आणि बहुतेक जण तो नुसता वाचून सोडून देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले, म्हणजे दर सेकंदाला साठेक हजार लिटर. भरल्या कृष्णेला तेवढ्यानं काही होत नाही. दरवाजे उचलून आकडा पन्नास हजारांकडं सरकला की गोष्ट वेगळी. ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग वाटेतले ओढेनाले घेत खाली येतं. यायला वेळ लागतो, आणि माणूस फसतो तो या मधल्या वेळात. मोबाइलवर इशारा आलेला असतो, समोर नदी निवांत असते. ‘कुठं आलंय पाणी?’ म्हणत गडी काठावर बैठक मारतो.

नदी चढतेय की उतरतेय, हे नुसतं बघून कळत नाही. ते आठवणीवर सोडूही नये. काठावर पोचलो की मी पहिल्यांदा एक काडी तोडतो आणि पाणी जिथं मातीला टेकलंय तिथं खोचतो. गळ त्यानंतर. दहा मिनिटांनी काडीचं बूड पाण्यात गेलं तर नदी चढतेय. काडी आणि पाणी यांच्यामध्ये ओल्या मातीची चकचकीत पट्टी दिसली तर उतरतेय. पाण्यावरून काय वाहतंय तेही बघावं. हिरवा पाला, ताजी वैरण, मुळासकट उपटलेलं गवत यायला लागलं, तर वर कुठंतरी नदीनं नवा काठ धरलाय. अशा वेळी मासे लागत असले तरी सामान आवरायचं.

आता माशाचं. गढूळ पाण्यात मासा खात नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते निम्मंच खरं. डोळ्यांवर शिकार करणारा मासा मंदावतो; पण शिंगटा, शिवडा यांना मिशा असतात, ते वासावर आणि स्पर्शावर चालतात. गढूळ पाणी म्हणजे त्यांची पंगतच. गांडूळ किंवा कोंबडीची आतडी लावावीत, शिसं थोडं जड घ्यावं, गळ तळाला बसू द्यावा. टाकायचा कुठं? नवखा माणूस ताकद लावून मधल्या धारेत टाकतो. मधल्या धारेत मासा कशाला थांबेल? पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तो जोर माणसाच्या गुडघ्याला सोसत नाही, तसा माशालाही सोसत नाही. तो काठाला येतो. वळणाच्या आतल्या बाजूला, बुडालेल्या बाभळीच्या आडोशाला, ओढ्याचं पाणी नदीत शिरतं त्या तोंडाशी. वेगाचं आणि संथ पाणी जिथं घासतं तिथं फेसाची एक रेघ दिसते. त्या रेघेच्या अलीकडं, कधी कधी काठापासून हातभर अंतरावर, मासा असतो.

म्हणजे पुराच्या पाण्यात पाय घालायचं कारणच उरत नाही. छातीभर पाण्यात उभं राहून लांब फेकणाऱ्यांना मी शूर म्हणत नाही; त्यांना मासा कुठं असतो ते ठाऊक नाही, एवढंच.

चढत्या पाण्याची माणसाला भीती वाटते, म्हणून तो जपून असतो. माझ्या मते उतरतं पाणी जास्त वाईट. आमचे काठ उंच, गाळाच्या मातीचे. चार दिवस पाण्यात राहून ती माती आतपर्यंत भिजते, जड होते. पाणी होतं तोवर त्याच पाण्याचा टेकू तिला असतो. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू जातो आणि ओझं राहतं. मग काठाला पाण्याच्या समांतर एक बारीक चीर पडते, गवतात लपलेली. चपलेनं गवत बाजूला केल्याशिवाय ती दिसत नाही. तिच्या पलीकडं, नदीच्या बाजूला उभं राहायचं नाही, मग तिथं कितीही झकास जागा असो. दरड जाते तेव्हा आवाजसुद्धा नंतर येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तो पूर ओसरल्यावर नदीकाठ कितीतरी ठिकाणी ढासळलेला दिसत होता. आणि उतरत्या पाण्यात एक गोष्ट आवर्जून बघावी, ती म्हणजे शेतीपंपाच्या वायरी. पुरात लोळलेली वायर मेलेलीच असेल, असं धरून चालू नये.

मासा काठाला येतो तशी मगरही येते. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, हे इथं कुणाला सांगायला नको. धारेत पोहत राहणं तिलाही परवडत नाही. ज्या निवांत कोपऱ्यात आपण गळ टाकतो तोच तिचा. पाण्याच्या कडेला बसून मासा साफ करणं, हात धुणं, जाळीतले मासे पाण्यात सोडून ठेवणं, हे सगळं बंद. दोन-तीन मीटर मागं बसावं. गळ तेवढ्यानं काही आखूड पडत नाही.

एका ठिकाणी मात्र माझा हिशेब चुकतो, आणि ते म्हणजे बंधारा. म्हैसाळ, राजापूर असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदीवर आहेत. वर चढू बघणारा मासा बंधाऱ्याखाली अडतो, गोळा होतो. बर्गे, म्हणजे गाळ्यांत बसवायच्या फळ्या, काढलेले असतील तर गाळ्यांतून पाणी सुसाट निघतं. बसवलेले असताना मोठा पाऊस झाला तर वरून कोसळतं. हे कोसळणारं पाणी वाईट. ते तळाला आपटून वर येतं आणि पृष्ठभागावरून उलटं, भिंतीकडं परत जातं. त्यात सापडलेला ओंडका मी बराच वेळ बघत उभा राहिलोय: खाली जायचा, वर यायचा, भिंतीकडं ओढला जायचा, पुन्हा खाली. पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की त्यावर तरंगणंही अवघड. पट्टीचा पोहणाराही तिथं काही करू शकत नाही. बंधाऱ्याखाली मासा भरपूर असतो हे मान्य, पण तो तिथं सोडून द्यावा आणि बरंच खाली येऊन बसावं. थोडा का होईना, तिथंही लागतोच.

बाकीचं थोडक्यात. गळाचा तंगूस मनगटाला गुंडाळू नये. गळ अडकला तर तोडावा. पाच रुपयांच्या गळासाठी पाण्यात उतरू नये. गडगडायला लागलं की काठी खाली ठेवून झाडापासून लांब जावं. पायाला जखम असेल तर पुराच्या चिखलात फिरू नये, लेप्टो नावाचा ताप तिथूनच येतो. एकट्यानं जाऊ नये. आणि सोबतचा पाण्यात पडला तर त्याच्यामागं उडी टाकू नये. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घट्ट बूच लावून पंधरा-वीस मीटर दोरीला बांधावा आणि हाताशी ठेवावा. फेकायला सोपा आणि धरणाऱ्याला तरंगतं ठेवतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. तो मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि कॅनला दोरी आजच बांधा.