कासरा नसलेली गाडी

"मामा, तुम्ही सगळे जा. मी हॉटेलात थांबते. कुत्र्यांनी मला ओढत नेलेलं मला नाही बघवणार."

कॅलगरीला ताईकडे पोचून मला दोनच दिवस झाले होते. रात्रीची जेवणं आटोपली होती, बाहेर पारा उणे अठरावर होता, आणि दाजींनी कुत्र्यांच्या स्लेजच्या चार सहली माझ्यापुढं मांडल्या होत्या. तीन दिवस कॅनमोरला राहायचं, त्यातला एक दिवस स्लेजचा, एवढं माझ्या येण्याआधीच ठरलं होतं. कुठली सहल घ्यायची हे मी ठरवायचं, कारण पाहुणा मी. चौदा वर्षांची भाची इतका वेळ गप्प होती आणि आता हे बोलली.

ताई तिला रागावणार होती. मी हातानंच थांबवलं. पोरगी लाडात येऊन हट्ट करत नव्हती. ती जे बोलली ते मी तिच्या वयाचा असताना बोललो नव्हतो, आणि ते न बोलणं माझ्या छातीत कुठंतरी अजून अडकून आहे.

चारही सहलींचे फोटो सारखेच होते. निळं आभाळ, पांढरे डोंगर, जिभा बाहेर काढलेली कुत्री, हसणारी माणसं. एक अर्ध्या तासाची होती, दोन दोन-दोन तासांच्या, एक दिवसभराची. कुठं पांघरूण घेऊन नुसतं बसायचं, कुठं स्लेजच्या मागं पट्ट्यांवर उभं राहून आपण हाकायचं. दाम वेगळे, जेवणाची सोय वेगळी. पण बाजारात उभा केलेला बैल सगळ्यांनाच देखणा दिसतो. आबा, म्हणजे माझे आजोबा, शिंगांकडं आणि झुलीकडं बघायचेच नाहीत. वाकून खूर बघायचे, मग खांद्यावर तळवा ठेवून जरा वेळ उभे राहायचे. मला त्या चार फोटोंमध्ये कुणाचाही खांदा दिसत नव्हता.

भाचीनं सगळं वाचून ठेवलं होतं. 2010 साली व्हँकुव्हर आणि व्हिस्लरला हिवाळी ऑलिंपिक झालं, पर्यटक लोटले. खेळ संपले, गर्दी ओसरली, आणि एप्रिलमध्ये व्हिस्लरजवळ सहलीसाठी पाळलेली कितीतरी कुत्री मारून खड्ड्यात पुरली गेली. पुढच्या वर्षी ही गोष्ट फुटली. खड्डा उकरला तेव्हा 56 कुत्र्यांचे अवशेष निघाले. त्यानंतर, 2012 मध्ये, ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारनं स्लेजच्या कुत्र्यांना कसं ठेवायचं याचे नियम केले. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. फक्त 56 हा आकडा तिनं दोनदा सांगितला.

मला बाल्टो या स्लेजच्या कुत्र्याची गोष्ट ठाऊक होती, तिची उजवी बाजू ठाऊक होती. अलास्कातल्या नोम गावात 1925 च्या जानेवारीत घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेलं, विमानाचा भरवसा नाही. मग वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी औषध हातोहात, एका चमूकडून दुसऱ्याकडं, हजारावर किलोमीटर साडेपाच दिवसांत नेलं. सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्यानं पार केला, गोठलेल्या समुद्रावरून. शेवटच्या टप्प्याला पुढं बाल्टो होता, म्हणून नाव बाल्टोचं झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

"आणि मग?" भाचीनं विचारलं.

मग काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं. पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा होता तेव्हा खरा बाल्टो हातोहात विकला जाऊन लॉस एंजेलिसच्या एका पैसे घेऊन नवल दाखवणाऱ्या खोलीत साखळीला बांधलेला होता, त्याच्याबरोबर त्याचे जोडीदार. 1927 मध्ये क्लीव्हलंडच्या लोकांनी, त्यात शाळकरी मुलांनी आपली चिल्लर घालून, वर्गणी जमवली आणि ती कुत्री सोडवून आपल्या शहरात आणली. 1933 मध्ये बाल्टो तिथंच वारला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. "आणि मग?" एवढे दोनच शब्द. सर्जाच्या बाबतीत ते मी कधी तोंडातून काढले नव्हते.

सर्जा-राजा ही आबांची खिलार जोडी. गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्याच्या कोरड्या माळावरचं. आमच्याकडं बैलांचा सण, बेंदूर, आषाढात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: ऊन पाण्यानं बैलांचे खांदे शेकायचे, मग हळद आणि लोणी लावून हळूहळू मळायचे. जू जिथं बसतं तिथं कातडीला घट्टा पडलेला असतो, त्या घट्ट्यावर आबांचा अंगठा गोल फिरत राही. ते बोलत नसत. वर्षभराच्या कामाबद्दल जे काही बोलायचं असेल ते अंगठ्यानं बोलत. सर्जा डोळे अर्धे मिटून घेई.

तो म्हातारा झाला. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. एका साली आबा त्याला घेऊन पहाटे निघाले आणि दिवेलागणीला एकटे आले. हातात दावं होतं. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. त्यांनी ते गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि न जेवता झोपले. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. कुणाला विकला, त्यानं त्याचं काय केलं, हे मी आबांना विचारलं नाही. आबा गेले, गोठा पडला, दावं कुठं गेलं कुणास ठाऊक.

सकाळी मी दाजींना म्हणालो, "दाजी, फोन मी लावतो. मला एकच गोष्ट विचारायचीय."

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. तरी चारही ठिकाणी मला तेच विचारायचं होतं: तुमची कुत्री म्हातारी झाल्यावर कुठं जातात? एका ठिकाणी थोडा वेळ शांतता पसरली आणि मग मला सवलतीचा दर सांगण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्याकडं कुत्र्यांची चांगली काळजी घेतली जाते, एवढं एक वाक्य तीनदा ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी फोन उचलला गेला नाही. चौथ्या ठिकाणी एक बाई होत्या, आवाजावरून साठीच्या. त्यांनी आधी मलाच विचारलं, तुम्ही किती जण, प्रत्येकाचं वजन किती. मग माझ्या प्रश्नाकडं वळल्या आणि वीस मिनिटं थांबल्या नाहीत. साधारण नऊ-दहा वर्षांचं झालं की कुत्रं स्वतःच सांगतं, म्हणाल्या. पट्टा दाखवला की उडी मारायचं थांबतं. मग काही दिवस ते पिल्लांच्या चमूत, हलक्या ओझ्याला. मग घर शोधायचं. कुणाला चुलीजवळची जागा मानवते, कुणाला नाही. न मानवणारी त्यांच्या अंगणात राहतात. आता अशी सात होती. त्यांनी सातही नावं सांगितली. उन्हाळ्यात काय, कुत्र्यांना बांधून किती वेळ ठेवता, हे मी पुढं विचारणार होतो. तेही त्यांनी आपणहून सांगितलं.

फोन स्पीकरवर होता. भाची दारात उभी राहून ऐकत होती. सात नावं संपली तेव्हा ती आत येऊन खुर्चीवर बसली.

कॅलगरीहून कॅनमोर शंभरेक किलोमीटर. सपाट माळ संपतो आणि रॉकी पर्वत कुठलीही प्रस्तावना न करता समोर उभा राहतो. घोडे यायच्या आधी या माळावरच्या मूळ रहिवाशांचं सामान कुत्रीच ओढायची. दोन लांब काठ्यांचा त्रिकोण करून तो कुत्र्याच्या पाठीला बांधत. गाव मात्र कोळशावर उभं राहिलं. 1979 मध्ये शेवटची खाण बंद झाली, आणि 1988 च्या ऑलिंपिकमधल्या बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती इथं झाल्या तेव्हा गावाला दुसरा जन्म मिळाला. गावावर झुकलेलं एक शिखर आहे, हा लिंग. हा लिंग हा चिनी आचारी. 1896 मध्ये पन्नास डॉलरच्या पैजेवर तो सकाळी शिखरावर जाऊन दुपारच्या जेवणाला परत आला, तर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांना घेऊन पुन्हा चढला. तरी शंभर वर्षं त्या डोंगराला त्याचं नाव मिळालं नाही, त्याच्या जातकुळीवरून ठेवलेलं हिणकस नाव मिळालं. 1997 मध्ये ते काढून त्याचं स्वतःचं नाव दिलं. फोनवरची ती सात नावं ऐकल्यापासून मला नावांचं जरा जास्तच वाटू लागलं होतं.

स्लेजच्या आदल्या संध्याकाळी चिनूक सुटला. पर्वत ओलांडून येणारा हा कोरडा, ऊन वारा काही तासांत वीस अंशांनी हवा तापवतो. पश्चिमेला ढगांची कमान उभी राहिली आणि पागोळ्या गळू लागल्या. मला बरं वाटलं, कानटोपी काढता आली. तेवढ्यात त्या बाईंचा फोन. उद्या नाही. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जिभेवाटे आणि तळपायांवाटे जेवढी ऊब जाईल तेवढीच. एवढ्या हवेत पळवली तर आतून तापतील. परवा गारठा येणार आहे, परवा या; नाहीतर पैसे परत. दाजींची रजा एका दिवसानं वाढवावी लागणार होती. त्यांनी भाचीकडं पाहिलं. ती म्हणाली, "परवा. मी येणार."

परवा उणे चौदा होतं. गावातून वर स्प्रे लेक्सकडं खडीचा चढा रस्ता जातो, एका खिंडीतून एकदम बर्फाच्या ओंजळीत उतरतो. गाडीचं दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. चाळीसेक कुत्री एकदम भुंकत, विव्हळत, किंचाळत होती. जुंपलेली जागच्या जागी हातभर उंच उडत होती, न जुंपलेली "मला, मला" करत होती. भाची माझ्या बाहीला धरून उभी राहिली. ही कुत्री फोटोतल्यासारखी रुबाबदार, निळ्या डोळ्यांची नव्हतीच. अलास्कन हस्की म्हणतात त्यांना, पण ही कागदोपत्री नोंदलेली जात नाही. पळण्याची हौस, मजबूत पाय आणि चांगली भूक बघून पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेलं रक्त. वीस-पंचवीस किलोची, सडपातळ, कुणाचा एक कान पडलेला, कुणी गावातल्या मोत्यासारखं तांबूस. अलास्कातल्या हजार मैलांच्या शर्यतीत एवढासा जीव दिवसाला 10,000 कॅलरी खातो.

बाईंनी जागा समजावल्या. सगळ्यांत पुढं वाट ओळखणारी जोडी. तिच्यामागं वळणं सांभाळणारी. सगळ्यांत मागं, स्लेजला खेटून, थोराड अंगाची शांत जोडी. पहिला हिसका आणि प्रत्येक वळणाचं ओझं तिच्यावर. आठ बैलांच्या नांगराला फाळाजवळची जोडी अशीच निवडून लावत. मग मी लगाम शोधू लागलो. नव्हता. स्लेजच्या कुत्र्याला कासरा नाही, वेसण नाही, चाबूक नाही. फक्त आवाज. उजवीकडं जायला 'जी', डावीकडं 'हॉ'. हे शब्द बर्फात जन्मलेले नाहीत. इंग्रजी मुलखातले शेतकरी बैलांना आणि घोड्यांना हेच म्हणत आले. तिथून ते कुत्र्यांकडं गेले. आणि निघायला 'हाइक'. आबा 'हैक' म्हणायचे. मी तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिला, आबांच्या सुरात.

बर्फात रोवलेला स्लेजचा नांगर उपटला. क्षणात सगळा कल्लोळ थांबला. पुढं फक्त श्वास, बर्फावर पट्ट्यांची सरसर, आणि बत्तीस पंजांचा असा आवाज, की पत्र्यावर बारीक पाऊस पडतो आहे असं वाटावं. पळता पळता एखादं मान वळवून तोंडभर बर्फ उचलून घेई, गती न मोडता. चढ आला तेव्हा मागची जोडी खांदे खाली घालून ओढू लागली. मी पट्टीवरून एक पाय खाली टाकून ढकलू लागलो. पांघरुणात बसलेली भाची मागं वळून ओरडली, "मामा, अजून ढकल, त्यांना जड जातंय!" धाप लागली तरी मी ढकलत राहिलो. मागच्या जोडीतल्या डाव्या कुत्र्यानं एकदा वळून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची वाटली.

परतल्यावर पट्टे काढायचं काम पाहुण्यांनीही करायचं असतं. भाची भांड्यातून मांसाचं कोमट पाणी वाढत फिरली, प्रत्येकाला नावानं हाक मारत. नावं चुकली की बाई दुरुस्त करत. मी त्या डाव्या कुत्र्यापाशी गुडघे टेकून बसलो. जिंजर तिचं नाव, आठ वर्षांची. यंदाचा तिचा शेवटचा हिवाळा, बाई म्हणाल्या, आणि घर ठरलं आहे. पट्टा सोडला तसा दाट केसांखाली तिचा खांदा हाताला लागला, तापलेला, अजून थरथरणारा. माझा अंगठा तिथं गोल फिरू लागला. तिनं डोळे अर्धे मिटले.

"मामा, काय करतोयस?"

"खांदेमळणी."

"म्हणजे?"

उतारावरून गाडी खाली येत होती, ताई पुढं पेंगत होती. मी भाचीला दाव्यापासून सांगायला सुरुवात केली.