भरदुपारी फेनेक कुठे असतो?

फेनेकच्या फोटोत आधी कान दिसतात, मग त्यांच्याखाली असलेला कोल्हा. सहारा वाळवंटातला हा प्राणी जेमतेम एक-दीड किलोचा, घरच्या मांजरीपेक्षाही हलका. कान मात्र 15 सेंटिमीटरपर्यंत.

इंजिनिअरिंगला हीट सिंक शिकलेल्या माणसाला हे कान चटकन कळतात. पातळ, पसरट पृष्ठभाग आणि त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं. घामाचा थेंबही न गाळता अंगातली उष्णता हवेत सोडून द्यायची. पण भोवतालची हवा थंड असेल तरच हीट सिंक चालतो. सहारात उन्हाळ्याच्या दुपारी पारा 40च्या पुढे जातो, म्हणजे रक्तापेक्षा हवाच गरम. तेव्हा हेच कान उलट उष्णता आत घेतील.

मग भरदुपारी फेनेक काय करतो? काहीच नाही. तो तिथे नसतोच. वाळूखालच्या बिळात झोपलेला असतो.

रात्री तो बाहेर पडतो आणि त्याच कानांनी वाळूखालच्या किड्यांची चाहूल घेतो. तळव्यांवर दाट केस, म्हणून वाळूचा चटका बसत नाही. किडे, उंदीर, अंडी, फळं, मुळं यांतूनच तो पाणी मिळवतो आणि मूत्रपिंडं ते काटकसरीने वापरतात. हवा साधारण 35 अंशांच्या वर जाईपर्यंत तो धापासुद्धा टाकत नाही, कारण धाप म्हणजे पाण्याचा खर्च. अगदीच नाइलाज झाला, तर मात्र मिनिटाला 690 श्वासांपर्यंत जातो.

हे मी गेल्या वर्षी वाचलं. तेव्हा माझं दिवसाचं काम आणि अमेरिकेच्या वेळेचे रात्रीचे कॉल, दोन्ही चालू होतं. मॅनेजर म्हणायचा, "अ‍ॅडॅप्ट व्हावं लागेल." आई फोनवर म्हणायची, "घे रे जुळवून." दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकच होता: सोस.

फेनेक दुपार सोसत नाही, टाळतो. शिवाय ते कान घडायला असंख्य पिढ्या गेल्या. माझ्याकडे पुढच्या तिमाहीपर्यंतची मुदत होती. तेवढ्यात फार तर बीळ खणता येतं. मी कॉलसाठी आठवड्यातल्या दोन रात्री ठरवून दिल्या. बाकीच्या रात्री दहानंतर फोन बंद. अप्रेझलमध्ये त्याची किंमत मोजावी लागली, पण झोप परत आली.

"जुळवून घेतलंस का?" आईने विचारलं.

"घेतलं," म्हटलं.