सातपूर शाखेचे बंद पाकीट

आमच्या पतपेढीची सातपूर शाखा भाड्याच्या गाळ्यात, आणि इंटरनेटही गाळामालकाचेच. सभासदांची कर्जखाती त्यावरून उघडी जाऊ नयेत म्हणून नाशिकरोडच्या मुख्य कार्यालयाशी राउटर ते राउटर ‘व्हीपीएन’चा बोगदा जोडायचे ठरले. दोन दिवस जुळेना. धुणीभांडी करणाऱ्या बाया पासबुक घेऊन परत गेल्या. मला मान वर करवेना.

भाच्याने चाळीचे उदाहरण देऊन समजावले. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात ४२९ कोटीच, म्हणून साऱ्या गाळ्याला पत्ता एक. टपाल कोणत्या खोलीचे, हे मालकाचा राउटर वॉचमनसारखा ‘पोर्ट’ क्रमांकावरून ओळखतो. आमच्या सीलबंद पाकिटावर तो क्रमांकच नसतो! बी.कॉम.ला हे कोण शिकवणार?

२००५ साली यावर तोड ठरली आहे. ते पाकीट ४५०० क्रमांकाच्या दुसऱ्या पाकिटात घालायचे. पहिली हाक सातपूरनेच द्यायची, कारण स्वतंत्र पत्ता फक्त नाशिकरोडला. शिवाय काही पाठवायचे नसले तरी दर वीस सेकंदांनी खूण द्यायची, नाहीतर वॉचमन विसरतो.

तिसऱ्या दिवशी एका मावशींचे पासबुक भरले. त्यांनी हळूच विचारले, “भाऊ, माझा थकलेला हप्ता मालकाला दिसतो का?”

“पाकीट गेलेले दिसते, मावशी. आतले नाही.”