तळहात सपाट, अंगठा आत

कागदोपत्री ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आमच्या तोंडी मात्र राणीचा बागच. आम्ही तिथे नुसतं फिरून येत नसू, सबंध दिवस काढायला जात असू. भायखळ्याला उतरायचं, आईच्या पिशवीत पोळ्यांची चळत आणि बटाट्याची कोरडी भाजी, आणि बाहेर पहिली खरेदी भुईमुगाच्या शेंगांची. त्या शेंगा आमच्यासाठी नसायच्या. अर्ध्या माकडांच्या, अर्ध्या हत्तीच्या, ही वाटणी गाडीतच ठरलेली असे.

आता नात बरोबर असते आणि शेंगा नसतात. नसाव्यातच. वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून प्राण्यांना खायला घालायलाही बंदी आहे आणि डिवचायलाही. नियम योग्यच आहे. तरी आत शिरताना माझा हात नकळत पिशवीत जातो.

हत्तीला शेंग द्यायची एक रीत होती. मुठीतून द्यायची नाही. तळहात सपाट धरायचा, अंगठा आत घ्यायचा. सोंडेचं टोक आधी हवेत चाचपडायचं, मग तळव्यावर टेकायचं. ओलं, खरखरीत, कोमट. एक उष्ण फुंकर यायची आणि हात रिकामा व्हायचा. मग वाळक्या गवताचा वास बोटांना दिवसभर यायचा आणि आई बजावायची, "फ्रॉकला हात पुसू नकोस गं."

हे लिहिताना जीव हरखतो, म्हणूनच बाकीचंही लिहायला हवं. तेव्हा जगात बहुतेक ठिकाणी प्राणिसंग्रहालय म्हणजे गजांचे पिंजरेच. वाघ इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या घालायचा. आम्हाला वाटायचं, तो आपल्याला बघायला येतोय. मैलोन्‌मैल हिंडणाऱ्या जनावराची ती तगमग होती, हे कळेपर्यंत आम्ही आईबाप झालो होतो. माकडांवर टरफलं भिरकावून हसणारेही आम्हीच. आमचा आनंद खरा होता, पण त्याची किंमत आम्ही मोजत नव्हतो.

आज वाघ काचेपलीकडे, झाडापाण्यात असतो; कधी दिसतो, कधी दिसतच नाही. न दिसण्याचा हक्क त्याला मिळाला, हे मला मनापासून आवडतं. २०१६ साली सोलहून आलेले हम्बोल्ट पेंग्विन गारव्यात पोहतात. नात काचेला नाक लावते, तिच्या श्वासाचं धुकं काचेवर उमटतं आणि विरतं. प्राणी आणि पोर दोघंही सुखरूप. पण वास नाही, ऊब नाही. तिच्या हाताला काय आठवेल, असं राहून राहून वाटतं.

दाराजवळच्या संग्रहालयाचं मात्र आताचंच रूप चांगलं. १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू. डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट यांच्यासारखी माणसं त्यासाठी झटली. १९७५ पासून तिला भाऊ दाजींचं नाव आहे. आमच्या लेखी ती उन्हातून शिरायची थंड जागा होती. मातीच्या बाहुल्यांपुढून आम्ही धावत सुटायचो, कारण माकडं वाट बघत असायची. काही वर्षं चाललेलं जतनाचं काम संपून २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. आता नात एकेका बाहुलीची पगडी न्याहाळते आणि मीच तिला "चल" म्हणते.

शेजारच्या हिरवळीवर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडून त्याला उभं केलं. एखादी शेंग उरली की आम्ही ती त्याच्यापुढे ठेवायचो. जिवंत हत्तीला दिलं आणि याला नाही, हे बरं दिसत नसे.

परवा तिथे थांबले. नातीच्या डब्यात दोन खजूर उरले होते. एक तिच्या तळहातावर ठेवला आणि तिचा अंगठा हलकेच आत वळवला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, हात दगडी हत्तीकडे करून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज्जी, तो घेईल तेव्हा हाताला काय होतं?"

मी सांगू लागले.